वजन उतरविणारी सुई : आरंभ आणि उपद्रव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे पाठविले तेव्हा विषय सुचविला होता ‘आहार आणि आरोग्य’. एवढ्या ऐसपैस विषयात काहीही मावते आणि ऐकणाराच्या हाती मात्र काही लागत नाही. म्हणून दवाखान्याच्या बाकावर अलीकडे ज्या गोष्टीविषयी सर्वांत अधिक विचारणा होते तीच आम्ही निवडली. लोक तिला ‘वजनाचं इंजेक्शन’ म्हणतात. काही जण आवाज खाली आणून विचारतात. काही जण दुकानातून पेन घेऊनच येतात आणि म्हणतात, ‘कुठं टोचायचं तेवढं सांगा, डॉक्टर.’ हा दुसरा वर्ग वाढत चालला आहे आणि आजचे बोलणे मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आपल्या पेठेतीलच एका व्यापारी गृहस्थांची हकीकत प्रथम सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र सांगत नाही, कारण सांगितले तर ते आमची उधारी बंद करतील. वय पन्नाशीचे, वजन ९८ किलो, मधुमेह आठ वर्षांचा, त्यासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. मुलीचे लग्न मे महिन्यात ठरलेले. मार्चअखेर त्यांनी टिर्झेपाटाइड सुरू केले, आठवड्याला अडीच मिलिग्रॅम. दोन आठवड्यांत दोन किलो उतरले. एवढ्याने त्यांचे समाधान होईना. भाच्याकरवी त्यांनी वरच्या मात्रेचे औषध मिळविले आणि अडीचवरून एकदम साडेसातवर उडी घेतली. तिसऱ्या दिवशी साखरपुडा होता. पंगतीत पुरणपोळी, वर तूप, शेजारी भजी, आणि व्याही समोर उभे राहून ‘घ्या की वो अण्णा, अजून एक’ म्हणणारे! त्या रात्री जी ओकारी सुरू झाली ती दोन दिवस थांबली नाही. बाहेर एप्रिलचे ऊन, दुकानावर पत्रे. पाणी पोटात ठरत नाही, लघवी जवळजवळ बंद, आणि साखरेची गोळी मात्र नियमाने चालू. तिसऱ्या पहाटे घामाने निथळत त्यांना मुलाने आणले तेव्हा रक्तातील साखर ५४ होती. शिरेतून साखर आणि सलाइन द्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांचे पहिले वाक्य होते, ‘औषधच खराब निघालं.’

औषध खराब नव्हते. ते आपले ठरलेले काम चोख करीत होते. ते काम कोणते, हे त्या गृहस्थांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते.

आपण जेवतो तेव्हा आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचा एक रस रक्तात सोडतात. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास सांगतो, जठराला म्हणतो, ‘जरा सावकाश रिकामे हो,’ आणि मेंदूला कळवितो की आता पुरे. निसर्गाने दिलेला हा रस रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकतो. अमेरिकेतील डॉक्टर जॉन एंग यांना १९९०च्या सुमारास गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्याशी मिळताजुळता पण अधिक टिकाऊ पदार्थ सापडला, आणि त्यावरून तयार झालेले पहिले औषध २००५ साली मधुमेहासाठी मान्य झाले. सरड्यापासून पेनापर्यंतची ही वाट मोठी मनोरंजक आहे, पण तिच्यात शिरलो तर मूळ विषय राहील. आज वापरात असलेली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे प्रयोगशाळेत बनविलेली आहेत. पहिले शरीरातून निम्मे जावयास सुमारे सात दिवस लागतात, दुसऱ्याला सुमारे पाच. म्हणूनच सुई आठवड्यातून एकदा, आणि म्हणूनच एकदा टोचलेली मात्रा परत घेता येत नाही. मंगळवारी केलेली चूक रविवारीही पोटात असते.

जठर सावकाश रिकामे होणे हा औषधाचा गुण, आणि मळमळ ही त्याच गुणाची दुसरी बाजू. पोटात दुपारचे जेवण अजून आहे आणि वर रात्रीचे घातले, तर ते जाणार कोठे? उपद्रव किती जणांना होतो याची मोजदाद झालेली आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसे होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्के. मळमळ झाली औषधवाल्यांपैकी शेकडा ४४ जणांना, ओकाऱ्या जवळजवळ २५ जणांना, जुलाब ३१ जणांना, बद्धकोष्ठ २३ जणांना. (पाण्याची सुई घेणाऱ्यांपैकीही शेकडा १७ जणांना मळमळ झाली. मनाचा पोटाशी किती संबंध असतो ते यावरून दिसेल.) हा त्रास बहुतेकांना सौम्य होता आणि मात्रा वाढविण्याच्या दिवसांत अधिक होता, पुढे तो ओसरला. म्हणजे मळमळ होणारच नाही असे सांगणारा फसवितो, आणि ती जन्मभर राहील असे म्हणणारा उगाच भिववितो.

आता ही सुई कोणी घ्यावी? येथे आपल्या महाराष्ट्रातील एका संशोधनाची आठवण काढलीच पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो अंक आहे, म्हणजे किलोला मीटरच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय, तो दोघांचा अगदी एकच होता, २२.३. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त, अशी आपली घडण आहे. म्हणून आपल्याकडे २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा बाईची ८० सेंटिमीटर झाली की सावध व्हावे असे सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख निघाले आणि पोट सुटलेली माणसे शेकडा ३९. मागावर दिवसभर उभा राहणारा माणूस जाड दिसत नाही. त्याचा पट्टा मात्र दरवर्षी एक भोक पुढे सरकत असतो.

तरी पण औषधाच्या चाचण्या बहुधा ३०च्या वरच्या बीएमआयवर, किंवा २७च्या वर असून जोडीला रक्तदाबासारखा विकार असलेल्यांवर झाल्या, हेही विसरता कामा नये. नवरीच्या मैत्रिणीला साडीत सुंदर दिसावयाचे आहे, वजन ५८ किलो आहे, तिने ही सुई घ्यावी असे आमचे मत नाही. ज्याचे गुडघे गेले आहेत, साखर आवरत नाही, झोपेत श्वास अडकतो, त्याने लाजेपोटी ती टाळावी असेही नाही. ‘तोंड आवरत नाही म्हणून सुई घेतो’ असे हिणविणारे पुष्कळ भेटतात. चष्मा लावणाऱ्यास ‘डोळे आवरत नाहीत’ असे कोणी म्हणत नाही.

आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगावयाचे? चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे, वैद्यांच्या काढ्यासुद्धा. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती काय, पित्ताशयात खडे आहेत काय. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग कोणाला झाला होता काय, कारण तसे असेल तर ही औषधे वर्ज्य आहेत. साधी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या भगिनी या वाक्याने घाबरतात. त्यांना सांगतो की त्यांचा विकार निराळा, त्यांना बंदी नाही. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्याने उतरली की जुना पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. आणि टिर्झेपाटाइड घेताना संततिनियमनाच्या गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. आरंभानंतर आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरा उपाय योजावा. वजन उतरले की वर्षानुवर्षे न राहिलेले दिवस राहतात, हे आम्ही पाहिले आहे. त्या घरी आनंदही झाला आणि धांदलही उडाली.

सर्वांत महत्त्वाचे मधुमेहाच्या जुन्या औषधांचे. ही सुई एकटी असताना साखर फार खाली नेत नाही. पण सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि जेवण निम्म्यावर आले असेल, तर आमच्या व्यापारी मित्रांचे झाले तेच होते. या गोळ्यांची मात्रा आरंभीच कमी करावी लागते. ती कोणी करावयाची? डॉक्टरांनी. दुकानाच्या फळीवरून घेतलेल्या पेनाबरोबर हा सल्ला मिळत नाही.

मग पायऱ्या. सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमने सुरू होते, मग अर्धा, एक, १.७ आणि २.४. प्रत्येक पायरीवर चार आठवडे. टिर्झेपाटाइड अडीचने सुरू होते आणि चार आठवड्यांपेक्षा लवकर नाही, अशा बेताने अडीच-अडीचने वर जाते. पहिली पायरी वजन उतरविण्यासाठी नसतेच, ती आतड्याला सवय लागावी म्हणून असते. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून औषध वाया गेले असे समजू नये. वरची पायरी चढलीच पाहिजे असेही बंधन नाही. मळमळ बसलेली नसेल तर आहे तेथेच आणखी चार आठवडे राहावे, फार झाले तर एक पायरी उतरावे. ज्याचे काम खालच्या मात्रेत भागते त्याने वर जाऊन काय मिळवावयाचे आहे?

टोचण्यात काही अवघड नाही. पोट, मांडी किंवा दंड, कातडीखाली, दर वेळी जागा बदलून, ठरलेल्या एका वारी. पण दोन गोष्टी बजावतो. कुपीतून औषध काढावयाचे असेल तर किती काढावयाचे ते डॉक्टरांकडून डोळ्यांदेखत समजून घ्यावे. इन्सुलिनच्या सुईवरील खुणा युनिटच्या असतात, औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, आणि या दोहोंची गल्लत महाग पडते. दुसरे, पेन एकाचे एकालाच. दोघी जावांनी निम्मे निम्मे पैसे घालून एक पेन आणले आणि सुई बदलून दोघी टोचीत राहिल्या, असे आमच्यासमोर आले आहे. सुई बदलली तरी पेनात मागे रक्ताचा अंश शिरू शकतो, आणि त्यातून कावीळ ब, कावीळ क पसरू शकते. काटकसर येथे नको.

आता जेवण. सोलापुरात ‘कमी खा’ म्हणणे म्हणजे भांडण विकत घेणे. आपल्या शेंगाच्या चटणीत कुटतानाच तेल सुटते, आणि कडक भाकरी तीत बुडविली की हात थांबत नाही. चटणी सोडा असे आम्ही म्हणत नाही. चमचाभर घ्या. तळलेले आणि तुपकट जठरात सर्वांत अधिक वेळ रेंगाळते, म्हणून सुईनंतरचे दोन-तीन दिवस भजी, पुरी, मटणाचा तर्रीदार रस्सा यांना रजा द्यावी. ताट लहान घ्यावे. निम्म्यात पोट भरल्याची खूण होते. ती झाली की घास हातात असला तरी खाली ठेवावा. पानात टाकू नये ही आपली शिकवण चांगली आहे, पण तिच्यावर उपाय एकच, आधी कमी वाढून घेणे. जेवून लगेच आडवे होऊ नये. आणि पानात प्रथम डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल त्याला अंडे, असे काही घ्यावे, भात मागाहून. कारण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर मांसही जाते. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिन पोटात जावे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असा काही जोराचा व्यायाम व्हावा. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.) सिद्धेश्वर तलावाभोवतीची फेरी उत्तम, पण नुसत्या फेरीने दंड राहत नाहीत.

उपवासाचे काय, हा प्रश्न आषाढात आणि रमजानात हटकून येतो. इन्सुलिन किंवा ती गोळी चालू असलेल्याने विचारल्याशिवाय उपवास अथवा रोजा धरू नये. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट आणि तूप घालून केलेली, ही जठराच्या दृष्टीने उपवास नव्हे. पांडुरंगाच्या दृष्टीने काय ते त्याला विचारावे.

मळमळ झालीच तर? थोडेथोडे खावे. थंड ताक, मऊ भात, कोरडी भाकरी बहुधा चालते. आल्याचा तुकडा कित्येकांना बरा वाटतो. कुजक्या अंड्यासारखे ढेकर येतात त्यांनी घाबरू नये, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके करावे. बद्धकोष्ठाला पाणी, भाज्या, इसबगोल, आणि चार दिवस झाले तर डॉक्टर. ओकाऱ्या किंवा जुलाब लागले तर मात्र आपल्या गावाचा विचार करावयास हवा. लंडनमध्ये दोन ओकाऱ्या झाल्या तर माणूस रजा घेऊन निजतो. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना यंत्रमागाच्या खोलीत त्याच दोन ओकाऱ्या मूत्रपिंडावर येऊ शकतात. सुईमुळे भुकेबरोबर तहानही कित्येकांना कमी जाणवते. तेव्हा तहानेची वाट न पाहता घोटघोट प्यावे. जलसंजीवनीचे पाकीट घरात हवे. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेही म्हणून साखर वगळू नये, क्षार आत शोषले जाण्यास ती लागते.

काही खुणा मात्र घरी बसून पाहण्याच्या नाहीत. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखणे, ते पाठीत जाणे आणि सोबत ओकारी, ही स्वादुपिंडाच्या सुजेची खूण असू शकते. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे, हा पित्ताशयाचा इशारा. दिवसभर पाणी न ठरणे, आठ-दहा तास लघवी न होणे. एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे. हे शेवटचे फारच विरळ, युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ साली सेमाग्लुटाइडसाठी दहा हजारांत फार तर एक असे म्हटले आहे, पण झाले तर तास मोजावे लागतात. यांपैकी काहीही झाले तर पुढची सुई न घेता सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या रुग्णालयात जावे, आणि सुई घेतो हे लपवू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावयाची असेल तेव्हाही हे सांगावेच. उपाशी राहूनही जठरात अन्न असू शकते, आणि भुलेत ते फुप्फुसात उतरते. सुनेने सासूपासून लपविले तर एक वेळ चालेल, भूल देणाऱ्यापासून लपविता येणार नाही.

पेन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात नको, एकदा गोठलेले औषध टाकूनच द्यावे. कागदावर दिलेले ठरावीक दिवस ते ३० अंशांपर्यंत बाहेर चालते, पण मे महिन्यात आपल्या घरात ३० अंश कोठे सापडणार? अक्कलकोटहून एस.टी.ने येताना पिशवीत थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ पेन ठेवावे.

खर्चाचे बोलतो. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड भारतात आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,०००. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ मध्ये संपली, त्यामुळे हे औषध यापुढे केवळ श्रीमंतांचे राहू नये अशी आशा आहे. स्वस्ताईचे आम्हाला भय नाही, स्वस्ताईबरोबर येणाऱ्या बेफिकिरीचे आहे. कारण हिशेब महिन्याचा करून चालत नाही. त्याच २०२१च्या चाचणीतील काही लोकांचे औषध ६८ आठवड्यांनी बंद केले, आणि एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. लठ्ठपणा रक्तदाबासारखा चिवट आहे. दोन महिने घेऊ, लग्न उरकले की सोडू, असे ठरविणाऱ्याने आरंभ न करणेच बरे. पुढील दोन-तीन वर्षे हा खर्च झेपेल काय, मुलांच्या फीच्या आड येईल काय, हे नवराबायकोने बसून ठरवावे आणि मगच पहिली सुई टोचावी.

आमच्या व्यापारी मित्रांनी सहा आठवडे काही घेतले नाही. मग पुन्हा अडीचपासून आरंभ केला, ग्लिमेपिराइड आम्ही बंद केले. लग्न मधल्या काळातच पार पडले. वजन तेव्हा ९५ होते, शेरवानी थोडी घट्टच बसली. आज दहा महिन्यांनी ते ८४ किलोंवर आहेत आणि पाच मिलिग्रॅमच्या पुढे गेलेले नाहीत. परवा एका बारशाला पंगतीत त्यांनी अर्धी पोळी आणि वाटीभर ताक घेतले आणि हात धुतले. यजमान घाबरून आमच्याकडे आले, ‘अण्णा रागावले काय हो?’

आता प्रश्न घेऊ. ज्यांना भर सभेत उभे राहावयाचे नाही त्यांनी चिठ्ठी पाठवावी. चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा आणि चालू असलेल्या इतर गोळ्या लिहाव्यात, स्वतःचे नाव लिहिण्याची गरज नाही.